हँडलला अडकवलेल्या चपला

मला आयुष्यात जेवढा मार बसला तो सगळा लाईटीपायी बसला. घरी आईबापांनी कधी बोट लावलं नाही, शाळेत मास्तरांनी एखाददुसरा कान पिळला असेल तेवढंच. वायरमन झालो आणि लोकांनी सगळी कसर भरून काढली. बारामती आणि इंदापूरच्या मधलं एक बाजाराचं गाव आणि भोवतीच्या वाड्यावस्त्या माझ्याकडं होत्या. गावाचं नाव सांगत नाही. माणसांचीही सांगणार नाही. ज्याच्यासाठी मी एवढी वर्षं तोंड बंद ठेवलं तोच गेल्या दिवाळीत घरी आला आणि म्हणाला, आता लिहा, फक्त नाव तेवढं घालू नका. म्हणून लिहितो आहे.

गाव तसं सोयीचं. बाजारतळ, दूध डेअरी, पतसंस्था, खताची दुकानं, जनावरांचा दवाखाना, सगळं हाताशी. पण तलाठी सापडायचा नाही, ग्रामसेवकाकडं आणखी गावं, जनावरांचा डॉक्टर फोन उचलायचा नाही. लोकांच्या अंगातला राग मात्र रोज ताजा. तो उतरवायला वायरमन बरा पडायचा, कारण खांबावर चढलेला माणूस लांबून दिसतो आणि त्याला पटकन पळताही येत नाही. एकदा मी शिडीवर असताना एकानं माझा घोटा धरून ठेवला आणि लाईट आल्याशिवाय उतरू देणार नाही म्हणाला. मॅचच्या ऐन शेवटाला लाईट गेली तेव्हा चौकात माझी गचांडी धरून दोघांनी मला हॉटेलच्या भट्टीवर ढकललं होतं. एकाचा तारेवर टाकलेला चोरीचा आकडा काढला तर त्यानं कोयता भिरकावला. तो माझ्या मोटारसायकलच्या सीटमध्ये रुतला आणि मी ते फाटकं सीट पुढं कितीतरी दिवस तसंच वापरलं.

मीही काही गरीब गाय नव्हतो. आकडेबहाद्दरांच्या मुस्काटात मी दिलेल्या आहेत. एकानं आईवरून शिवी दिली तेव्हा हातातली पकड त्याच्या खांद्यात हाणली होती आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. आमच्यात हे चालायचंच. सकाळी भांडण झालेला माणूस संध्याकाळी टपरीवर हाक मारून चहा पाजायचा आणि वर म्हणायचा, लागलं न्हाय ना फार. मारामारी हा तिथं बोलण्याचाच एक प्रकार होता असं मी बायकोला सांगायचो. तिला ते पटायचं नाही.

आता त्या डीपीचं सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. कालव्याच्या अंगाला एका मळ्यात, रस्त्याच्या कडेला तो डीपी होता. डीपी म्हणजे दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. खांबाला खाली कमरेच्या उंचीवर एक लोखंडी हँडल असतं. ते खाली ओढलं की वरच्या पट्ट्या उघडतात आणि त्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी, सगळ्या तारा बंद. वर ढकललं की चालू. हँडलला हात लावायचा अधिकार फक्त आमचा, असा नियम आहे. नियमाप्रमाणं मी हँडलला कुलूप लावायचो. दर खेपेला ते दगडानं फुटलेलं सापडायचं. वायरमनची वाट बघत बसलो तर पीक वाळून जाईल असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं होतं असं नाही. एवढ्या वस्त्यांना मी एकटा. फ्यूज गेला की लोक स्वतःच हँडल ओढायचे आणि स्वतःच तार लावायचे.

पण ज्यानं हँडल ओढलं तो आत रानात कुठं काम करत असेल आणि दुसऱ्या कुणी येऊन हँडल वर ढकललं तर? त्यावर त्या मळ्यातल्या लोकांनी आपलाच एक तोडगा काढला होता. हँडल ओढणाऱ्यानं आपल्या पायातल्या चपला काढून हँडलला अडकवायच्या. चपला दिसल्या की समजायचं, माणूस लाईनीवर आहे. कुणाच्या चपला कशा हे सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळं कुणाला हाक मारायची तेही कळायचं. ज्याच्या चपला त्यानंच त्या काढायच्या आणि त्यानंच हँडल वर करायचं. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा कपाळावर हात मारला. विजेच्या तारेला हात घालायच्या आधी पायातलं रबर काढून ठेवायचं! मी तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना शिव्या घातल्या. ते हसले. म्हणाले, बोर्डाच्या कुलपापेक्षा आमच्या चपला बऱ्या, अजून एक माणूस गेला न्हाय.

त्या डीपीवर एका घरातले दोन भाऊ होते. बाप वारलेला, आई आणि हे दोघं. थोरला शेती बघायचा. ऊस, थोडी भेंडी, थोडी मका, दोन गाई. वय वाढत चाललं होतं आणि शेतकरी म्हणून पोरगी मिळत नव्हती. त्यावरून गावात त्याची चेष्टा व्हायची आणि तोही त्यात हसून सामील व्हायचा. धाकटा लोणी देवकरला कंपनीत पाळीनं कामाला जायचा, सुट्टीच्या दिवशी रानात. पोरगा अगदी मऊ. गाईला इंजेक्शन द्यायचं म्हटलं तरी बाजूला जाऊन उभा राहायचा. दोघांचं सगळं एकात होतं. मोटारसायकल एक, शर्ट कुणाचाही कुणाच्या अंगात. दारात ज्या चपला आधी दिसतील त्यात पाय घालायचा आणि चालू लागायचं. मळ्याचा नियम माणसागणिक चपलांची जोडी धरून केलेला होता. या घरात तसं नव्हतं, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी जोराचं वारं सुटलं आणि गारा पडल्या. त्याच वाऱ्यात डीपीवरचा फ्यूज गेला म्हणून धाकटा तिथं गेला होता. हँडल ओढलं, चपला अडकवल्या, फ्यूजला तार लावली, हँडल वर केलं आणि गारांचा मारा चुकवत, चिखलात चपला हातात घेऊन घरी पळत आला. चपला कुठंतरी दारात टाकल्या. नंतर त्याच वाऱ्यानं उसावरून गेलेली तार तुटून उसात पडली.

सकाळी थोरल्याला ती दिसली. त्यानं मला फोन केला. मी दुसऱ्या गावाला पडलेल्या खांबावर होतो. दुपारपर्यंत येतो, कुणी हात लावायचा नाही, मी स्वतः लाईन बंद करून जोडतो, असं मी त्याला बजावलं. तो ‘बरं’ म्हणाला. आमच्याकडं ‘बरं’ म्हणजे ऐकलं. ऐकलं म्हणजे तसं करणार असं नव्हे. त्या आठवड्यात शेतीची लाईट सकाळपासून दुपारपर्यंतच होती, बाकी वेळ घरातल्या दिव्यांपुरती. मी दुपारी जाणार म्हणजे त्याचा दिवस वाया. तो दारातल्या चपला घालून निघाला, डीपीचं हँडल ओढलं, चपला अडकवल्या आणि अनवाणी उसात शिरला.

त्या चपला धाकट्याच्या होत्या.

धाकट्याला सुट्टी होती. तो उशिरा उठला. दारात थोरल्याची अंगठा तुटलेली जोडी तेवढी, आपल्या चपला नाहीत, मोटारीला लाईट नाही. भाऊ कुठं गेलाय त्याला ठाऊक नव्हतं, आई गोठ्यात होती. त्याला वाटलं, काल गारांच्या घाईत आपण हँडल खालीच सोडून आलो आणि चपलाही तिथंच विसरलो. सगळा मळा आपल्यामुळं खोळंबला असेल, आता शिव्या बसणार, असं मनाशी म्हणत तो अनवाणीच डीपीकडं आला. हे त्यानं मला गेल्या दिवाळीत सांगितलं. पुढचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मी कालव्याच्या भरावावरून मोटारसायकलवर येत होतो. सांगितल्यापेक्षा लवकर आलो होतो, आणि याचा माझ्या मनातून अजून संताप जात नाही. लांबून मला धाकटा दिसला. त्यानं हँडलच्या चपला काढल्या, जमिनीवर टाकल्या आणि पायात सरकवल्या. स्वतःच्याच चपला म्हटल्यावर विचार कसला करायचा. त्यानं दोन्ही हात हँडलला लावले. मला थोरल्याचं ‘बरं’ आठवलं आणि मी जीव तोडून ओरडलो. माझ्या गाडीच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, ओळख दाखवायला एक हात वर केला आणि हँडल वर ढकललं.

पट्ट्या खाटकन बसल्या. डीपी घुमायला लागला. मग आत उसात एका जागी, रानडुक्कर शिरल्यावर हलतो तसा ऊस हलायला लागला. माणसाचा आवाज नाही. फक्त पाचटाचा. मी गाडी तशीच सोडून दिली, ती भरावावरून गडगडत खाली गेली. धावत जाऊन मी धाकट्याला छातीवर ढोसणी देऊन पाडलं आणि हँडल ओढलं. ऊस हलायचा थांबला.

“काय झालं?” तो खाली पडल्या पडल्या म्हणाला.

“उसात कोण आहे?”

“कोन न्हाय.”

मग त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. आणि तो उसात पळाला.

थोरल्याला आम्ही दोघांनी ओढत रस्त्यावर आणलं. दोन्ही तळहात जळून आत गेले होते. बोटं तारेभोवती वळलेली होती, ती पकडीनं एकेक सोडवावी लागली. दात जिभेत रुतले होते. जळलेल्या मांसाचा वास येत होता, आणि मी उगाच सभ्यपणानं लिहीत बसणार नाही, तो वास चांगल्या शिजलेल्या मटणापेक्षा वेगळा नसतो. त्यामुळंच मला नंतर कित्येक वर्षं जत्रेचं जेवण गेलं नाही. नाडी नव्हती. आम्हाला शिकवलेलं असतं, छाती दाबायची, थांबायचं नाही. मी गुडघ्यावर बसून दाबायला लागलो. हाताखाली बरगडी मोडली, तरी दाबत राहिलो. मध्येच त्याच्या घशातून हवा बाहेर आली. तो श्वास होता की मीच दाबून काढलेली हवा होती, हे मला आजही सांगता येत नाही.

तोवर माणसं जमली. भेंडी तोडणाऱ्या बाया, शेजारच्या रानातले गडी, रस्त्यानं जाणारे. एक बाई म्हणाली, मी बघितलं, वायरमनच्या हातात हँडल हुतं. ती खोटं बोलत नव्हती. तिनं वर मान केली तेव्हा माझ्याच हातात हँडल होतं. तेवढं पुरलं. वायरमननं लाईट सोडली, वायरमननं माणूस मारला, असं एकानं दुसऱ्याला सांगितलं आणि मग सगळेच सांगायला लागले. मी दाबता दाबता ओरडून म्हणालो, आधी ह्याला जगवू द्या, मग काय करायचं ते करा.

त्यांची आई आली ती या वेळेला. गोठ्यातून तशीच आलेली, हात शेणानं भरलेले. ती पोराजवळ बसली नाही, रडलीही नाही. उभ्या उभ्या तिनं थोरल्याच्या अनवाणी पायांकडं बघितलं. मग धाकट्याच्या पायांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी दाबत होतो, पण ती नजर मी बघितली.

आणि तेव्हा धाकट्यानं पहिला घाव घातला. कुणाच्या तरी खोऱ्याचा दांडा त्यानं उचलला आणि माझ्या दंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला आणि दुखलं नंतर. मी एका हातानं दाबायला लागलो. त्यानं दुसरा घाव पाठीत घातला. तो काही बोलत नव्हता, तोंडानं नुसता ‘हं, हं’ असा आवाज करत होता. त्याच्या डोळ्यांत माझ्यावरचा राग नव्हताच. मी त्याच्या वाटेत आलेला होतो. पण बाकीच्यांना काय, मोकळं रान मिळालं. कुणी लाथा घातल्या, कुणी उसाच्या टिपऱ्यांनी, कुणी दगडानं. डोकं फुटून रक्त डोळ्यांत आलं. ज्यांच्या घरच्या वास्तुशांतीला मी जेवलो होतो त्यांनी मला थोरल्याच्या अंगावरून केस धरून ओढून काढलं. त्याची छाती दाबायला मग कुणीच उरलं नाही. एवढी माणसं तिथं होती, पण एकालाही ते सुचलं नाही. सगळ्यांचे हात माझ्यावर चालू होते.

मला डीपीच्या खांबाला बांधलं. दोरी नव्हती म्हणून ठिबकच्या नळीनं बांधलं. एकजण म्हणाला, ह्यालाबी चिकटवा, कळू द्या कसं लागतं. दोघातिघांनी उसातली तार ओढत आणली आणि तिचं टोक माझ्या मांडीशी धरलं. हँडल वर ढकलायचं तेवढं राहिलं होतं. मी मुतलो. हे सांगायला मला लाज वाटत नाही, तुम्हीही मुतला असता.

हँडल वर गेलं नाही. त्या पोरांच्या आईनं जाऊन ते दोन्ही हातांनी धरलं होतं आणि त्याच्यावर पोट टेकवून ती वाकली होती. लोक तिला बाजूला करायला लागले, मावशी सोडा म्हणाले, तिनं ऐकलं नाही. एकानं मनगट धरलं तर त्याला चावली. दुःखानं बाई भ्रमिष्ट झाली असं म्हणून लोक जरा मागं सरले. तेवढ्यात डेअरीची पिकअप आली. तिचा ड्रायव्हर आडदांड माणूस होता. त्यानं चार शिव्या हासडून नळी कापली आणि थोरल्याला आणि मला दोघांनाही मागं कॅनांच्या मधे घातलं. आई पुढं बसली. धाकटा मागं चढला आणि भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

बारामतीपर्यंत आम्ही तिघं असे होतो. माझा हात लोंबकळत होता. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला मोकळे कॅन एकमेकांवर आपटत होते आणि माझ्या तोंडून किंकाळी जात होती. त्यानं एकदाही मान वर केली नाही. मला त्याची दया आली असं कुणी समजू नये. मला त्याचा नुसता राग आला होता.

“पायातलं काढ,” मी म्हणालो. “तुझ्या भावाच्या पायात पाहिजेत त्या.”

त्यानं चपला काढल्या. थोडा वेळ हातात धरल्या आणि मग एकेक करून मागच्या रस्त्यावर फेकून दिल्या. आम्ही दवाखान्यात पोचायच्या आधीच थोरला गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे साहेब वॉर्डात आले. माझा हात प्लॅस्टरमध्ये, डोक्याला टाके, एक डोळा बंद. साहेबांनी सांगितलं ते असं: लोकांनी गावातलं आपलं ऑफिस फोडलंय, खुर्च्या बाहेर काढून जाळल्यात. पोस्टमॉर्टेम झालंय पण घरचे आणि भावकी प्रेत ताब्यात घेत नाहीत. वायरमनवर गुन्हा नोंदवा, मगच उचलू म्हणतात. हवालदार तुझा जबाब घ्यायला येतोय. तू लाईन सोडली नसशील तर कुणी सोडली ते बघितलंस का? बघितलं असलंस तर नाव सांग आणि मोकळा हो. नाहीतर गुन्हा तुझ्यावर, नोकरी गेली आणि वर तुरुंग.

मी म्हणालो, बघितलंय, सांगणार आहे. माझ्या मनात त्याबद्दल काडीचाही संशय नव्हता. माझी मुलगी बारावीला होती. बायको कोपऱ्यात बसून तोंडात पदर कोंबून रडत होती. ज्यानं माझा हात मोडला त्याला वाचवायला मी काही देव नव्हतो. साहेब हवालदाराला फोन करायला बाहेर गेले, बायको चहा आणायला गेली, आणि त्या पोरांची आई आत आली.

खाट सोडून ती खाली फरशीवर बसली. पाया पडली नाही, हात जोडले नाहीत. बराच वेळ प्लॅस्टरकडं बघत राहिली. धाकट्यानं मोडला, असं मीच तिला सांगितलं, तिला बोचावं म्हणून सांगितलं.

“व्हय. मी बघितलं,” ती म्हणाली. “त्यानं आजवर बैलावर चाबूक उगारला न्हाय. तुमाला मारायला लागला तवाच मला कळलं. चपला थोरला घालून गेलता. मी गोठ्यातनं जाताना बघितलावता त्याला.”

मी मोडलेला हात उशीवर सरकवला.

“कालपास्नं दोनदा हिरीवरनं धरून आनलाय त्याला. गावाला कळलं तर तिसऱ्यांदा मला घावायचा न्हाय. तुमी त्याचं नाव घिऊ नका.”

माझं डोकं फिरलं. मी तिला म्हणालो, मावशी, माझ्यावर गुन्हा पडतोय. मला घरदार नाही का? तुमच्या पोराचा जीव आणि माझा काय दगड? काल तुमच्या लोकांनी मला जिवंत जाळायला काढलं होतं. आवाज एवढा चढला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर ती एवढंच म्हणाली, “तुमी आत गेला तर माघारी याल. त्यो न्हाय यायचा.” मग उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

काल हँडलला पोट लावून ती वाकली होती ते मला त्या वेळी आठवलं असतं तर मी दिलदार ठरलो असतो. खरं सांगतो, मला ते आठवलं नाही. मला फक्त राग येत होता. एवढं मागून ही बाई रडत का नाही, याचा सगळ्यात जास्त येत होता. रडली असती तर मी तिला हाकलू शकलो असतो.

हवालदार आला. पोटानं सुटलेला, बोलायला शांत, शेतकऱ्याच्या घरचा माणूस. त्याच्या मागून धाकटा आला आणि वॉर्डाच्या दारात थांबला. भावकीनं त्यालाच फिर्याद द्यायला पाठवलं होतं. दाढी वाढलेली, शर्टावर अजून कालचं रक्त, त्यातलं थोडं माझंही असणार. हवालदारानं स्टूल ओढलं आणि विचारलं, हँडल खाली होतं, मग वर कसं गेलं?

मी दाराकडं बघितलं. मग तिच्याकडं. ती माझ्याकडं बघत नव्हती, धाकट्याकडं बघत होती. तो विहिरीवर निघाला तर दारातून त्याला कसं अडवायचं याचा अंदाज घेत असावी.

“जुनं हँडल होतं, ढिलं,” मी म्हणालो. “आपोआप वर गेलं. मी पळत जाऊन खाली ओढलं.”

हवालदाराचं लिहिणं थांबलं. त्याच्या स्वतःच्या रानात डीपी असणार. हँडल ढिलं असलं तर खाली पडतं, वर जात नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

“आपोआप वर गेलं?”

“हो.”

“आणि तुम्हाला मारलं कुणी?”

“गर्दी होती. डोळ्यांत रक्त आलं होतं. कुणी ओळखू आलं नाही.”

त्यानं माझ्या प्लॅस्टरकडं बघितलं, त्या बाईकडं बघितलं, आणि मग मान खाली घालून मी सांगितलं तसं लिहायला लागला. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“खोटं हाय त्ये. हँडल मी...”

आई एवढ्या चपळाईनं तिथं पोचली की मला ती चाललेली दिसलीच नाही. तिनं त्याच्या तोंडावर मारलं. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, ‘मी’ म्हणाला, तिनं पुन्हा मारलं. मग ती थांबलीच नाही. उजव्या हातानं, डाव्या हातानं, गालावर नाही, कानावर नाही, नेमकं तोंडावर. त्याचा ओठ फाटला, दात रक्तानं भरले, तरी तो बोलायला बघत होता आणि ती शब्द बाहेर यायच्या आत मारत होती. “गप,” ती म्हणायची आणि मारायची. “गप.” पोरगा तिच्यापेक्षा हातभर उंच होता. टाचा उंचावूनही तिचा हात पुरेना तेव्हा त्यानं स्वतःच मान खाली वाकवून तोंड तिच्या हाताजवळ आणलं. नर्स धावत आली. हवालदार तिला म्हणाला, राहू द्या, पोरगा गेलाय बाईचा, भान नाही तिला. आणि त्यानं आपला कागद घडी करून खिशात घातला.

पोराच्या तोंडून शब्द यायचे बंद झाले तेव्हा ती थांबली. पदराच्या टोकानं तिनं त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं, केस हातानं सारखे केले आणि त्याचं मनगट धरलं.

“चल,” ती म्हणाली. “दादाला खांदा तुलाच द्यायचाय.”